तानपुरा नसलेल्या मैफिलीतला सा

पियानोवर दोनच कॉर्ड्स आलटून पालटून वाजताहेत. डी मायनर सेवन, मग जी सेवन, पुन्हा डी मायनर सेवन, पुन्हा जी सेवन. प्रत्येकीला चार मात्रा. तिसरी कॉर्ड येतच नाही. आता सांगा, यातला सा कोणता? पुस्तक वाचलेला विद्यार्थी लगेच म्हणेल, सी. सी मेजरच्या सप्तकात दुसऱ्या स्वरावर डी मायनर सेवन आणि पाचव्या स्वरावर जी सेवन येते, म्हणून की सी मेजर. हिशेब बरोबर आहे. पण सीची कॉर्ड एकदाही वाजलेली नाही आणि ऐकणाऱ्याला तिची वाटही पाहावीशी वाटत नाही. पाच-सहा फेऱ्या झाल्या की कान डीवर स्थिरावतो. दर वेळी जीकडे थोडं झुकायचं आणि डीवर परतायचं, असं ते चलन होऊन बसतं. डीला सा मानून हेच स्वर म्हणून पाहिले तर कोमल गंधार, शुद्ध धैवत, कोमल निषाद मिळतात. म्हणजे काफी. पाश्चात्त्य भाषेत डोरियन.

मग त्या विद्यार्थ्याचं चुकलं काय? त्यानं कॉर्ड्सचे स्वर मोजले आणि ते कोणत्या सप्तकात बसतात ते पाहिलं. जॅझ शिकवताना आणि त्यावर लिहिताना की आणि मोड ओळखण्याचं काम सर्रास असंच मांडलं जातं. स्वरांची बेरीज करा, यादी जिथे बसेल ते उत्तर. माझा आक्षेप या पद्धतीच्या मुळाशी आहे. बेरजेतून मिळते ती फक्त यादी. की म्हणजे विसाव्याची जागा. ती यादीत लिहिलेली नसते, संगीत पुढे सरकत असताना ती ठरते, आणि कधी कधी आधी ठरलेली नंतर बदलते. मोडचा प्रश्न तर त्याही पुढचा. आधी सा सापडला पाहिजे, मग त्या सापासून बाकीचे स्वर कसे लागतात ते पाहायचं. हा क्रम उलटा केला की उत्तरं दिसायला अचूक असतात आणि ऐकायला चुकीची.

मराठी वाचकाला हा प्रश्न जरा परका वाटेल, कारण आपल्याकडे तो पडतच नाही. तानपुरा जुळला की सा ठरला. गायकानं काळी एक घेतली की तास-दीड तास ती काळी एकच. त्या सावर राग उलगडतो, आणि कोणी मूर्च्छना घेऊन क्षणभर दुसऱ्याच स्वराला सा असल्याचा भास निर्माण केला, तरी मागे तानपुरा चालूच असतो. जॅझमध्ये असा आधार नाही. तिथे सा कॉर्ड्सनी घडवावा लागतो, घडवला की टिकवावा लागतो, आणि बत्तीस बारच्या गाण्यात तो चार वेळा हलूही शकतो. कॉर्ड्स हे काम करतात कसं, हे पाहिल्याशिवाय की शोधण्याच्या पद्धतीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

शुद्ध स्वरांचं सप्तक घेऊन प्रत्येक स्वरापासून एकाआड एक असे चार स्वर एकत्र वाजवले की सात कॉर्ड्स होतात. सा आणि म यांच्यावर मेजर सेवन येते. रे, ग आणि ध यांच्यावर मायनर सेवन. निषादावर हाफ-डिमिनिश्ड. आणि पंचमावर, फक्त पंचमावर, ती कॉर्ड जिला जॅझवाले नुसतं 'सेवन' म्हणतात. या वाटपात सगळी ओळख दडलेली आहे. एकटी सी मेजर सेवन ऐकली तर ती सीचा सा असू शकते किंवा जीचा म. एकट्या डी मायनर सेवनला तीन घराणी संभवतात: सीचा रे, बी फ्लॅटचा ग, एफचा ध. पण जी सेवन आली की मेजर सप्तकांपुरता पर्याय एकच उरतो, सी. बी फ्लॅट मेजर सेवन आणि ई फ्लॅट मेजर सेवन एकाच ओळीत भेटल्या तर एक सा आणि दुसरी म, म्हणजे बी फ्लॅट. एकेका कॉर्डपेक्षा कॉर्ड्सची जोडी अधिक बोलते ती यामुळेच.

पंचमावरच्या कॉर्डचं वजन केवळ ती एकमेव असण्यात नाही. तिच्या पोटात दोन स्वर असे आहेत की ते स्वस्थ बसू शकत नाहीत: शुद्ध निषाद आणि शुद्ध मध्यम. निषादाला वर साकडे जायचं असतं, मध्यमाला खाली गंधाराकडे. दोघे एकाच वेळी सरकले की सा आणि ग उभे राहतात आणि कानाला पोचल्याची खात्री पटते. निषादाची साकडे असलेली ओढ आपल्याला गाण्यातून माहीत आहेच. कॉर्ड तीच ओढ दुहेरी करते. जॅझच्या शेकडो गाण्यांचा कणा असलेली 'टू-फाइव-वन' चाल, म्हणजे रेची कॉर्ड, पची कॉर्ड, साची कॉर्ड, या ओढीवरच उभी आहे. दर गाण्यात तानपुरा नव्यानं जुळवण्याचं काम ही चाल करते. पण ओढ म्हणजे पोचणं नव्हे, आणि वर सांगितलेल्या दोन कॉर्ड्सच्या फेऱ्यांमध्ये नेमकं हेच झालं. जी सेवननं सीकडे बोट दाखवलं, तिथे कोणी गेलंच नाही, आणि परत परत डीवरच उतरल्यामुळे ते बोट दाखवणं हळूहळू निरर्थक झालं.

'ऑटम लीव्ह्ज' हे गाणं या विषयाचं पहिलं पाठ्यपुस्तक म्हणून जगभर वापरलं जातं, आणि मला वाटतं बऱ्याचदा त्यातून चुकीचा धडा घेतला जातो. हंगेरीत जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या जोसेफ कोस्मानं १९४५ साली ही चाल केली. फ्रेंच शब्द झाक प्रेवेरचे, पुढे इंग्रजी शब्द जॉनी मर्सरचे. जॅझवाले ती बहुधा जी मायनरमध्ये वाजवतात. पहिल्या आठ बारच्या कॉर्ड्स अशा: सी मायनर सेवन, एफ सेवन, बी फ्लॅट मेजर सेवन, ई फ्लॅट मेजर सेवन, ए हाफ-डिमिनिश्ड, डी सेवन आणि शेवटी दोन बार जी मायनर. पहिल्या चार पाहा: बी फ्लॅटचे रे, प, सा, म. स्वच्छ, निर्विवाद बी फ्लॅट मेजर. पुढच्या तीनांपैकी ए हाफ-डिमिनिश्ड बी फ्लॅटचा निषाद, जी मायनर बी फ्लॅटचा धैवत. सातांतल्या सहा कॉर्ड्स बी फ्लॅटच्या सप्तकात काटेकोर बसतात. बेरजेचा निकाल लागला: की बी फ्लॅट मेजर.

आणि हे गाणं ज्यानं एकदा ऐकलं आहे तो हा निकाल मान्य करणार नाही. सातातली उरलेली एक कॉर्ड, डी सेवन, सगळं उलथवते. तिच्यात एफ शार्प आहे, आणि तो बी फ्लॅटच्या सप्तकात नाही. जीला सा मानलं तर तो शुद्ध निषाद. बाकी सगळे स्वर आसावरीचे, आणि नेमक्या विसाव्याच्या आधी हा शुद्ध निषाद येऊन सावर नेऊन सोडतो. त्या दोन बारपुरते ते स्वर किरवाणीचे होतात. बी फ्लॅट वाजतो तेव्हाही तिथे पोचल्यासारखं वाटतं, पण एकाच बारपुरतं. लगेच ई फ्लॅट येते, बास पाचव्या-पाचव्या स्वरानं खाली सरकत राहतो आणि थांबतो तो जीवर, तेही दुप्पट वेळ. गाण्याच्या बत्तिसाव्या बारात, सगळं संपताना, चालीचा शेवटचा स्वरही जी असतो. सहा कॉर्ड्सची साक्ष एका बाजूला आणि एका कॉर्डची दुसऱ्या बाजूला, तरी निकाल त्या एकीच्या बाजूनं. कारण ती योग्य क्षणी बोलते.

काही शिक्षक इथे तडजोड करतात: गाणं दोन कीमध्ये आहे, चार बार बी फ्लॅट, चार बार जी मायनर. मला हे पटत नाही. बी फ्लॅटला गाण्यात मुक्काम मिळतो, सत्ता मिळत नाही. मार्च १९५८ मध्ये कॅननबॉल ॲडरलीनं माइल्स डेव्हिसला सोबत घेऊन हे गाणं ध्वनिमुद्रित केलं, 'समथिंग एल्स' या तबकडीसाठी. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी गाण्यात नसलेला एक जास्तीचा भाग जोडलेला आहे, जीभोवती घुटमळणारा, गडद, मायनर. त्या वादकांनी कोणताही सिद्धान्त मांडला नाही. त्यांनी सा कुठे आहे ते वाजवून सांगितलं आणि मग चाल सुरू केली. माझ्या लेखी त्या गाण्याच्या कीविषयीचं सर्वांत विश्वासार्ह विधान ते आहे.

यादी आणि विसावा यांतला हा फरक आपल्याला नवा नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूप गंधारावर रेंगाळतो, देशकार धैवतावर. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तिघे तर एकाच यादीत राहतात आणि तरी ऐकणारा पहिल्या काही क्षणांत त्यांना वेगळं ओळखतो. मुंबईत १८६० साली जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी दहा थाट मांडले ते रागांचं वर्गीकरण करण्यासाठी. थाट गायला जात नाही, राग गायला जातो, हे त्यांच्या मांडणीतच गृहीत आहे. त्या दहांपैकी सहा थाट पाश्चात्त्य मोड्सशी स्वरानं स्वर जुळतात: बिलावल आयोनियनशी, काफी डोरियनशी, भैरवी फ्रिजियनशी, कल्याण लिडियनशी, खमाज मिक्सोलिडियनशी, आसावरी एओलियनशी. सातवा मोड, लोक्रियन, याला आपल्याकडे जोडीदार नाही, कारण त्यात शुद्ध पंचमच नाही. हा तक्ता उपयोगी आहे, आणि धोक्याचाही, कारण तो दोन याद्यांचा तक्ता आहे.

तो धोका जॅझच्या वर्गांत प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. विद्यार्थ्याला सांगितलं जातं की डी मायनर सेवन वाजत असताना डी डोरियन वाजव, जी सेवनवर जी मिक्सोलिडियन, सी मेजर सेवनवर सी आयोनियन. प्रत्येक कॉर्डला तिचं स्केल. बॉस्टनच्या बर्कलीसारख्या संस्थांतून ही पद्धत जगभर गेली. सूचना खोटी नाही. तिन्ही स्केल्सचे स्वर एकच, पांढऱ्या पट्ट्यांचे. पण ऐका ती काय म्हणते. बिलावलच्या स्वरांत गाणाऱ्याला सांगा की रेवर थांबशील तेव्हा तू काफी गातोस, पवर थांबशील तेव्हा खमाज, आणि सावर आलास की परत बिलावल. कोणता गायक हे मान्य करील? तो सावरून हललेलाच नाही. रेवर तो आहे तो साच्या संदर्भात, आणि त्या थांबण्याची सगळी चव साकडे अजून परतायचं आहे यात आहे. टू-फाइव-वनमधल्या डी मायनरला डोरियन म्हटलं की नेमकी ही परतण्याची जाणीव पुसली जाते. विद्यार्थी प्रत्येक कॉर्डवर बरोबर स्वर वाजवतो आणि वाक्य कुठेच पोचत नाही.

डोरियन खरोखर डोरियन असतो तेव्हा काय होतं, हे २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. माइल्स डेव्हिसची 'सो व्हॉट'. सोळा बार पांढरी दोनवरचा, म्हणजे डीवरचा काफी, मग आठ बार अर्ध्या स्वरानं वर, काळी दोनवरचा काफी, मग पुन्हा आठ बार पांढरी दोन. एवढाच आराखडा. पॉल चेंबर्सचा बास प्रश्न टाकतो, बिल इव्हान्सचा पियानो दोन कॉर्ड्समध्ये उत्तर देतो. त्या दोन कॉर्ड्स नुसत्या कागदावर वाचल्या तर एक ईवर उभी आहे, दुसरी डीवर. पंचमाची कॉर्ड नाही, निषादाची ओढ नाही, कुठे पोचायचं नाही. सा ठरतो तो बास जिथे फिरून येतो त्यावरून, आणि सोळा बार तिथेच राहण्यानं. इथला डी कोणाचा रे नाही. म्हणून इथे डोरियन हे नाव काही सांगतं: शुद्ध धैवत आणि कोमल गंधार एकत्र नांदताना जो मोकळा, किंचित उदास रंग येतो तो इथे ऐकू येतो, कारण त्या स्वरांचं अंतर खऱ्या सापासून मोजलं जातं. जॉर्ज रसेलचा 'लिडियन क्रोमॅटिक कन्सेप्ट' हा ग्रंथ १९५३ मध्येच निघाला होता आणि या मोडल वळणामागे त्या विचाराचा हात होता, हे खरं. पण रसेलचं नाव घेऊन पुढे जी कोष्टकं झाली त्यांत हा फरक मागे पडला.

की सापडली काय अन् न सापडली काय, बोटांना स्वर माहीत असले की झालं, असं म्हणणारे वादकही आहेत. त्यांना एक साधी परिस्थिती पुरे. गायिका ऐन वेळी म्हणते, आज दोन स्वर खाली घेऊ या. ज्यानं पन्नास कॉर्ड्सची नावं सुटी सुटी पाठ केली आहेत त्याला पन्नास नावं बदलावी लागतात. ज्याला रे-प-सा, मग म, मग नि-ग-ध असं गाणं ऐकू येतं त्याला काहीच बदलावं लागत नाही, फक्त सा हलवायचा. आपल्या पेटीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंना आणि काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांना ते एकाच सरगमेनं साथ करतात.

मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत हाच प्रश्न उलट्या बाजूनं उभा राहिला होता, आणि तो सोडवणारे बहुतेक गोव्याचे होते. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले, हॉटेलांच्या डान्स बँडमध्ये जॅझ वाजवलेले हे वादक आणि ॲरेंजर: सॅबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. त्यांच्यासमोर चाल तयार असे, अनेकदा एखाद्या रागावर बेतलेली, सा पक्का. कॉर्ड्स त्यांनी द्यायच्या. कोमल निषादाच्या चालीखाली पंचमाची पुस्तकी 'सेवन' कॉर्ड ठेवली की तिच्यातला शुद्ध निषाद चालीशी भांडतो. ती टाळली तर विसावा कसा घडवायचा? कॉर्डवरून सा शोधणाऱ्याला सावरून कॉर्ड शोधणाऱ्यांची ही अडचण समजून घेतल्याचा मोठा फायदा होतो. दोन्हीकडे कळीचा स्वर तोच, निषाद.

आता फसवणाऱ्या खुणांकडे. पहिली कॉर्ड म्हणजे की, असा एक सोपा नियम नवशिक्याला दिला जातो. जेरोम कर्नचं १९३९ चं 'ऑल द थिंग्ज यू आर' एफ मायनरनं सुरू होतं आणि एफ मायनरमध्ये नाही. ती कॉर्ड काळी चारच्या सप्तकातला धैवत आहे; तिथून रे, प आणि मग सा, ए फ्लॅट. आठ बार संपायच्या आत गाणं पांढरी एकवर जातं. पुढचे आठ बार हीच हालचाल खालून करतात: काळी दोन, मग पांढरी पाच. ब्रिजमध्ये, म्हणजे मधल्या जोडभागात, पांढरी पाचवरून पांढरी तीनवर. छत्तीस बारांत पाच वेगवेगळे सा, आणि तरी ऐकणारा कधी हरवत नाही. याचं कारण टू-फाइव-वन तर आहेच, पण मला त्याहून मोठं वाटतं ते ब्रिजच्या टोकाशी कर्ननं केलेलं काम. पांढरी तीनचा सा असताना चाल काळी चारच्या पट्टीवर लांब थांबते. तो तिथला शुद्ध गंधार आहे. खालची कॉर्ड बदलते, चाल तोच स्वर धरून ठेवते, आणि पाहता पाहता तो गंधार गाण्याच्या मूळ साच्या जागी येऊन उभा राहतो. पेटीवर एकच पट्टी, एकच बोट. स्वर बदलला नाही, त्याचं नातं बदललं. कॉर्ड्सची यादी करणाऱ्याला हा क्षण दिसतसुद्धा नाही.

'स्टेला बाय स्टारलाइट' त्याहून अवघड. १९४४ च्या 'द अनइन्व्हाइटेड' या चित्रपटासाठी व्हिक्टर यंगनं केलेली ही चाल बी फ्लॅटमध्ये आहे, आणि आजच्या प्रचलित कागदावर बी फ्लॅटची कॉर्ड पहिल्यांदा येते नवव्या बारात. त्याआधी ई हाफ-डिमिनिश्ड आणि ए सेवन डीकडे बोट दाखवतात आणि डी येत नाही. सी मायनर आणि एफ सेवन बी फ्लॅटकडे दाखवतात आणि तोही येत नाही. मग एफ मायनर आणि बी फ्लॅट सेवनवरून ई फ्लॅट मात्र येतो. आठ बार सा नुसता सूचित होत राहतो. मूळ गाण्यात मात्र पहिली कॉर्ड बी फ्लॅटवरचीच डिमिनिश्ड होती, म्हणजे सा बासमध्ये पहिल्यापासून उभा होता. जॅझवाल्यांनी ती बदलली, आणि १९७० च्या दशकात बॉस्टनमध्ये विद्यार्थ्यांनी जमवलेल्या 'रिअल बुक'सारख्या संग्रहांनी बदललेलं रूप पक्कं केलं. छापील कॉर्ड्सवरून की काढणाऱ्यानं हे विसरू नये की कागदावर जे आहे ते अनेकदा गाण्याचं कोणा एकाचं वाचन असतं.

'सेवन' कॉर्डचं बोटही नेहमी सरळ नसतं. जी सेवनमधले बी आणि एफ हेच दोन अस्वस्थ स्वर डी फ्लॅट सेवनमध्येही आहेत, फक्त भूमिकांची अदलाबदल करून. म्हणून जीच्या जागी डी फ्लॅट सेवन ठेवता येते आणि बास अर्ध्या स्वरानं घसरत सीवर उतरतो. नियमानं ती जी फ्लॅटकडे जायला हवी होती. ती कुठे जाणार होती हे कळतं ती गेल्यावरच. कीविषयीचा पुष्कळसा निर्णय असा मागाहून होतो, आणि चांगला श्रोता पुढच्या बारासाठी मन मोकळं ठेवून ऐकत असतो.

पण सगळ्यांत मोठा अपवाद जॅझच्या मुळाशीच बसलेला आहे. ब्लूज. बारा बार, सीवरचा ब्लूज घेतला तर सी सेवन, एफ सेवन, जी सेवन. तिन्ही 'सेवन'. वरच्या नियमानं सी सेवननं एफकडे ओढायला हवं, एफ सेवननं बी फ्लॅटकडे. तीन कॉर्ड्स, तीन वेगळ्या कीज, आणि बेरजेतून काहीच हाती लागत नाही. ऐकणाऱ्याला मात्र तिळभर शंका नसते: सा सीच. इथे कोमल निषाद असलेली कॉर्ड अस्वस्थ नसते, तीच विसावा असते. गायक तिच्यातल्या शुद्ध गंधारावर कोमल गंधार लावतो, तोही पट्टीवर न सापडणारा, दोन गंधारांच्या मधला. दोन्ही गंधार आणि कोमल निषाद म्हटल्यावर आपल्याला जोग आठवेल, आणि ती आठवण उगीच नाही; तिथेही दोन्ही गंधारांना एकाच सावर जागा आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी युरोपच्या कॉर्ड्स घेतल्या आणि त्यांचं व्याकरण मात्र आपलं लावलं. चार्ली पार्करनं १९५१ च्या 'ब्लूज फॉर ॲलिस'मध्ये त्याच बारा बारांत टू-फाइव्हच्या साखळ्या ओवून दोन व्याकरणं एकत्र नांदवली. युरोपियन नियम ब्लूजला लावून तो अपवाद म्हणून बाजूला ठेवणाऱ्या पुस्तकांवर माझा राग आहे. ब्लूज हा जॅझचा अपवाद नाही. नियम अपुरा आहे.

'सो व्हॉट'नंतर दोनच महिन्यांनी, मे १९५९ मध्ये, त्याच ध्वनिमुद्रणातला सॅक्सोफोनवादक आणि त्याच ध्वनिमुद्रणातला बासवादक दुसऱ्या टोकाला उभे होते. जॉन कोल्ट्रेन, पॉल चेंबर्स, आणि गाणं 'जायंट स्टेप्स'. सोळा बार, सव्वीस कॉर्ड्स, तीन सा: पांढरी सात, पांढरी पाच, काळी दोन. सप्तकाचे तीन समान भाग केले की हेच तीन बिंदू मिळतात, त्यामुळे कोणताही एक दुसऱ्यापेक्षा मध्यवर्ती नाही. रिचर्ड रॉजर्सनं १९३७ मध्ये 'हॅव यू मेट मिस जोन्स'च्या ब्रिजमध्ये अशाच उड्या घेतल्या होत्या, पण तिथे परतायला गाण्याची मूळ की होती. इथे तीही नाही. सुरुवात पांढरी सातवर, शेवट काळी दोनवर, आणि शेवटच्या दोन कॉर्ड्स पुन्हा पांढरी सातकडे ढकलतात. गाण्याची की कोणती, हा प्रश्न इथे गैरलागू आहे असं मी म्हणेन. प्रत्येक सा आपापल्या पंचमाकडून रीतसर प्रस्थापित होतो, दोन-चार मात्रा राज्य करतो आणि जातो. पियानोवरचा टॉमी फ्लॅनगन त्या वेगात अडखळतो, तुटक वाजवतो, हे ध्वनिमुद्रणात राहिलेलं आहे. १९८२ मध्ये कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ केलेल्या तबकडीत त्यानं तेच गाणं प्रसन्नपणे वाजवलं. दर क्षणाला नवा सा मनात जुळवणं किती कठीण आहे, याचा यापेक्षा थेट पुरावा मला माहीत नाही. बोटांना स्वर माहीत नव्हते असं फ्लॅनगनबद्दल कोण म्हणेल?

प्रत्येक कॉर्डला स्केल देणाऱ्या पद्धतीची खरी जागा कुठे आहे, तेही सांगायला हवं. हर्बी हॅनकॉकचं १९६५ चं 'मेडन व्हॉयेज' चार कॉर्ड्सवर तरंगतं. प्रत्येक कॉर्ड चार बार राहते, पहिल्या तीनांत गंधाराच्या जागी मध्यम धरून ठेवलेला, त्यामुळे मेजर-मायनरचा निवाडाच होत नाही. एक कॉर्ड दुसरीकडे ओढत नाही, ती फक्त तिच्यानंतर येते. वेन शॉर्टरच्या त्या दशकातल्या रचनांतही असे बरेच प्रदेश आहेत. इथे प्रत्येक कॉर्ड स्वतःचा प्रदेश आहे आणि तिच्या बासला सा मानून स्वर निवडणं हाच प्रामाणिक मार्ग. पद्धत या संगीतातून आली असती तर कोणाची तक्रार नव्हती. ती कर्न आणि कोस्मावर मागे नेऊन लादली गेली, हे दुखणं आहे.

कोल्ट्रेन 'जायंट स्टेप्स'च्या वाटेनं फार काळ गेला नाही. तो रविशंकरांचं वादन ऐकत होता, त्यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्यानं 'इंडिया' वाजवलं. दोन बासवादक, जिमी गॅरिसन आणि रेगी वर्कमन, आणि दोघांच्या मिळून तयार झालेल्या जमिनीवर जी हा एकच सा. कॉर्ड्सची चाल जवळजवळ नाही. ज्या वादकानं सोळा बारांत तीन सा पेलले होते त्यानं सा शोधण्याचं ओझं खाली ठेवलं. पण त्यानं काम सोपं झालं असं म्हणता येत नाही. की पहिल्या क्षणी कळते, आणि उरतो तो मोडचा प्रश्न: कोणत्या स्वरावर थांबायचं, कोणता नुसता स्पर्श करून सोडायचा, सप्तकाबाहेरचा स्वर कधी आणायचा आणि त्याला परत कसं न्यायचं. भूप आणि देशकार वेगळे करणारा तोच प्रश्न, आणि कोणत्याही कॉर्डच्या नावात त्याचं उत्तर लिहिलेलं नाही.